ऐंशी अँपिअरचं घर

...अर्धा! ओव्हन अर्धा धरायचा म्हणे! तुम्हाला सांगतो, ज्या ओव्हनमध्ये माझ्या बायकोनं, नोरीननं, चाळीस नाताळ डुकराची अख्खी मांडी भाजली, वरच्या खणात कोंबडी, कोपऱ्यात बटाटे, तो ओव्हन विजेच्या हिशोबात अर्धा! का? तर आमची वायरमन, सीना तिचं नाव, सामोआची पोरगी, दाराएवढी उंच पण बोलणं कसं मऊ, ती म्हणते, "अंकल, नियमच तसा आहे. घरात सगळं एकदम थोडंच चालतं?"

नोरीनला विचारायला हवं होतं हिनं! आमच्याकडे नाताळला सगळं एकदमच चालायचं हो! सतरा माणसं, इकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, त्यात आमच्या मेरीबरो गावचं ऊन, एसी चालू, ओव्हन चालू, कोळंबीसाठी दुसरा फ्रिज चालू, आणि त्यात आमची लेक कार्मेल केस वाळवायला बसायची, की गेलाच फ्यूज! घराची विजेची लाइन बापाच्या काळातली, चाळीस अँपिअरची, ती किती दम धरणार? मग सगळे माझ्या नावानं शंख करणार, मी घामाघूम बाहेर खांबाशी फ्यूज बसवत, आणि नोरीन खिडकीतून हसत विचारणार, काय डेस, आज किती वेळ?

नोरीन जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या नाताळला कोणी आलं नाही. कार्मेलचा फोन, बाबा, तुझ्याकडे एसी लावला की फ्यूज उडतो, पोरं उकडून निघतात रे. मी म्हटलं, एवढंच ना? माणसाला गंमत बघा कशी कळत नाही, मला खरंच वाटलं की पोरं फ्यूजमुळे येत नाहीत! आणि फ्यूज तर बदलता येतो! म्हणून सीनाला बोलावली. म्हटलं, तीन खोल्यांत तीन एसी लाव आणि लाइन मोठी करून दे.

तर ती वही घेऊन खोल्याखोल्यांतून मोजत सुटली. दिवे एकतीस, त्यांचे पाच अँपिअर. प्लग सव्वीस, त्यांचे पंधरा. ओव्हन तो अर्धा. एसी? ते पाऊण! मी म्हटलं, बाई, पाऊण एसीत माझ्या नातवाचं डोकं गार होईल, पाय कोण बघणार? आणि माणसं कुठं लिहायची? तर माणसांचा रकानाच नाही! दिवे मोजतात, प्लग मोजतात, माणसं मोजतच नाहीत! बेरीज आली अडुसष्ट. म्हणजे लाइन घ्यायची ऐंशीची. मी खूश! मॅट्रिकला इतके मार्क पडले नव्हते मला!

पण पोरगी प्रामाणिक. म्हणाली, अंकल, उगाच खर्चात नका पडू, आधी पंधरा दिवस मीटरपाशी यंत्र लावते, खरोखर किती लागतं ते कळेल. लावलं. आणि तुम्हाला सांगतो, तेव्हापासून मला माझ्याच घरात चोरट्यासारखं वाटायला लागलं! पाणी छतावर उन्हात तापतं, ओव्हन नोरीन गेल्यापासून पेटवलेला नाही, जेवण म्हणजे डब्यातले बीन्स आणि टोस्ट... आठवड्यानं यंत्रात डोकावलो. सगळ्यात मोठा आकडा अकरा. सकाळी साडेपाचचा. म्हणजे माझी चहाची विजेची किटली! अडुसष्टच्या घरात अकरा! ही पोरगी कागद बघून काय म्हणेल? म्हणेल, या म्हाताऱ्याला मोठी लाइन कशाला, याच्याकडे येतंय कोण?

मग काय... रविवारी दुपारी बारा वाजता उठलो आणि सगळं एकदम लावलं. ओव्हन, जुना एसी, दोन्ही फ्रिज, इस्त्री, टीव्ही, पंखे, नोरीनचा केस वाळवायचा ड्रायरसुद्धा, तो तिच्या कपाटातून काढला. आणि टेबलाशी जाऊन बसलो. काय घरघर, काय गलबला! दहा मिनिटं, देवाशप्पथ, घरात माणसं असल्यासारखं वाटलं हो. फार बरं वाटलं. नोरीनला काहीतरी सांगायला मान वळवली, आणि फ्यूज गेला. एकदम गप्प झालं घर. मी खांबाशी गेलोच नाही, तिथंच बसून रडलो.

सीना आली, कागद उलगडला. सपाट, सपाट, सपाट, आणि रविवारी हा डोंगर! तिनं डोंगराकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं. ओट्यावर एक कप, एक बशी.

"रविवारी कोण आलं होतं, अंकल?"

"सगळे," मी म्हटलं.

तिनं कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि वीज कंपनीच्या अर्जावर आपला अडुसष्टचाच आकडा लिहिला. डिसेंबर लागायच्या आत ऐंशीची लाइन आली, तीन एसी आले, नवा बोर्ड चकाचक. मी कार्मेलला फोन लावला. म्हटलं, ये आता, लाव काय लावायचं ते, सगळं एकदम लाव! ती म्हणाली, "बाबा, आईशिवाय त्या घरात मला नाही रे जमत. तूच ये ना इकडे ब्रिस्बेनला."

चोवीस तारखेला ब्रिस्बेनची गाडी पकडली. निघताना घर बंद करायचं म्हणून मेन स्विच खाली केला. ऐंशी अँपिअरचा... एका बोटानं पडतो हो.