चिमी घरातच राहते

मूल होण्यासाठीचे उपचार मोफत मिळतात त्या सरकारी दवाखान्यात माझ्यापुढच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या.

"दोन वर्षांनी नंबर लागलाय. घरात आधीचं मूल असलं तर उपचार मोफत नाहीत, ऐकलंस ना? चिमी मामाकडे राहते म्हणून सांग."

"ती आपल्याकडे राहते, आई."

"अगं, सवतीची पोर ती. तू थोडीच जन्म दिलायस?"

"ताप आला की कुणाला हाक मारते ती?"

"तुलाच मारते, मी कुठं नाही म्हणते? पण एवढं खोटं बोललीस तर कुणाचं काय घोडं मारणार आहेस?"

"उद्या तिला कळलं तर? बाळासाठी आईनं मला घरातून काढून टाकलं, असंच वाटेल तिला."

तेवढ्यात नर्सनं त्यांना बोलावलं.

"घरात मूल आहे?"

"आहे. मुलगी. यांच्या पहिल्या बायकोची, आता माझी."

"मग मोफत उपचारांत नाही बसत, बाई."

"मला स्वतःला एकही झालं नाही, तरी?"

"नियम आहे. वरच्या मजल्यावर समितीकडे दाद मागता येते. पण तिथंही खूप ताटकळावं लागतं."

"ताटकळेन. आज अर्ज देऊनच घरी जाईन. आई, तुम्ही इथंच बसा, जिना चढून गुडघे दुखतील."

"दुखू देत मेले. तुला कुठं भांडता येतं? नात आहेच माझी, आणि सुनेला मूलही हवंय. यात चुकलं कुठं, ते मीच विचारते त्यांना. चल."