मास्तरांची पाच आभाळं

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या संग्रहालयाचे संचालक साहेब, व्यासपीठावरचे आणि मघापासून चहाच्या दिशेनं पाहणारे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती मास्तर, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि दाराजवळच्या खुर्च्या विचारपूर्वक निवडलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

निरोपाचं हे माझं यंदाचं सहावं भाषण. कोण कधी नोकरीला लागलं याच्या नोंदी माझ्याकडे असतात, म्हणून मलाच उभं करतात. आता विशेषणं संपत आली आहेत. ‘मनमिळाऊ’ तर मी यंदा तिघांना वाटलं. त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. मास्तरांना ते देत नाही. त्यांनाही चालणार नाही.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. जुन्या सिनेमाचं पोस्टर आधी कुणीतरी हातानं रंगवायचं. त्यावरून छपाई झाली की मूळ चित्र गोदामात कुजायचं, नाहीतर कुणाच्या गळक्या छपरावर जायचं. उरले ते छापील कागद, विटलेले आणि घड्या पडलेले. त्यांच्यावरून हरवलेलं चित्र पुन्हा उभं करायचं, हे मास्तरांचं अठ्ठावीस वर्षांचं काम. नायकाच्या छातीवर सिनेमाचं नाव छापलेलं असलं, तर त्या अक्षरांखाली शर्टाला बटणं किती, हे ठरवायला त्यांना आठवडा लागे. कागदाची घडी तर नेमकी नायिकेच्या नाकावरून जायची. झिजलेलं नाक आणायचं कुठून? आपल्या दालनातल्या अकरा नायिका नीट पाहा, आणि मग पहिल्या रांगेत पाहा. वहिनी, हसताय काय, मी नोंद ठेवली आहे.

प्रत्येक चित्राखाली एक कार्ड असतं: ‘मूळ चित्राबरहुकूम’. ते मी लिहितो. नाकांच्या बाबतीत मी ते थोडं हसत लिहिलं. शेवटच्या पाच चित्रांखाली मात्र मान खाली घालून लिहिलं.

त्याचं असं झालं. कागदावरच्या आभाळाचा रंग उडून ते राखेसारखं होतं. ते मुळात कसं होतं हे आमच्यात फक्त मास्तरांना ठाऊक, कारण लहानपणी ही पोस्टरं नवी कोरी भिंतीवर चढताना त्यांनी पाहिली होती. चार वर्षांपूर्वी वहिनींनी मला जिन्यात गाठलं. “भाऊजी, यांना निळ्या आणि काळ्या मोज्यांतला फरक कळेना झालाय. मी सांगितलं तर म्हणतात, तू मोजे नीट धूत नाहीस. तुम्ही सांगून बघा.”

मी म्हणालो, “बघतो.”

आता आपण सगळे कार्यालयीन माणसं. ‘बघतो’चा अर्थ मी सांगायला हवा का? मी सांगितलं असतं आणि मास्तर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले असते, तर आमच्या खोलीला कुलूप लागलं असतं, आणि माझी रवानगी आवक-जावक विभागात झाली असती. तिथे खिडकी नाही. एका खिडकीसाठी मी चार वर्षं गप्प बसलो.

मोतीबिंदूमागून मास्तरांना निळा फिका दिसायचा, म्हणून ते आणखी निळा घालायचे. आभाळं अशी झाली की धोब्यानं नीळ सांडावी. आम्ही काय केलं? टाळ्या वाजवल्या. एका समीक्षकानं तर त्यात बंडखोरी पाहिली.

चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. काळा चष्मा काढून मास्तर दालनात उभे राहिले. “हे कुणी केलं?”

“तुम्हीच, मास्तर.”

“मी?” ते माझ्याकडे वळले. “आणि तू काय करत होतास?”

“कार्डं लिहीत होतो.”

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते खाली बसले, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाचही चित्रं उतरवून पुन्हा करू देण्याचा अर्ज दिला. त्यावर शेरा आला: ‘रसिकांची तक्रार नाही.’ आणि आज त्यांची मुदत संपली. घरी जायचं ते त्या पाच आभाळांखाली आपलं नाव ठेवून.

साहेब, व्यासपीठामागे आज पडदा कशाला, असं आपण सकाळी विचारलंत. शोभेसाठी, असं मी म्हणालो. त्यामागे पाच खिळे आहेत. चित्रं सकाळीच मी आणि सुतारानं उतरवली. ती मास्तरांच्या खोलीत आहेत. कार्डं मी फाडली. सुताराला काही बोलू नका, त्याला मी आपला हुकूम आहे असं सांगितलं होतं.

मघाशी मास्तरांना हे कानात सांगितलं. ते माझ्याकडे पाहिनात. मग म्हणाले, “उद्या साडेआठला खोली उघड. तेव्हा उजेड बरा असतो. आणि या खेपेला खुर्ची घेऊन शेजारी बसायचं. निळा जास्त झाला की तोंड उघडायचं. जमेल?”

जमवतो म्हणालो. ‘बघतो’ म्हणालो नाही.

तेव्हा संस्थेतर्फे भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलंच आहे, तर जरूर द्या. पण निरोपाचं भाषण म्हणून हे भाषण फसलं आहे, कारण सत्कारमूर्ती उद्या कामावर येताहेत. मला आवक-जावकला पाठवायचं असेल तर पाठवा, फक्त पाचवं आभाळ वाळू द्या. मी तसाही दमलोय. तिथे निदान भाषणं नसतील.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. जे चार वर्षं बोललो नाही, त्याची माफी देणं मात्र आपल्या हातात नाही. ती मी मास्तरांकडे मागितली. ते म्हणाले, आधी आभाळ.