मेणातला तुकडा

डॉक्टरांच्या दाराबाहेर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. खोकणारी वहिनी आणि तिची थोरली नणंद.

“वन्सं, माझ्या गर्भपिशवीतल्या गाठीचा तुकडा ऑपरेशननंतर दवाखान्यानं मेणात घालून दिला होता ना? जपून ठेवा म्हणाले होते.”

“ठेवला की. सहा वर्षं, शिलाई मशीनच्या खणात.”

“मग लॅबवाल्या बाई का विचारत होत्या, मेण कोणी घासलं म्हणून?”

“चेन अडकत होती गं. मेण लावलं की सुरळीत चालते.”

“माझी गाठ चेनवर घासलीत?”

“एकदाच. फार तर तीनदा. आणि चेन तुझ्याच पर्सची होती!”

“अहो, परवा सुईनं छातीतून काढलेला तुकडा त्या गाठीशीच जुळवून बघणार होते! जुळला तर गोळ्यांवर भागेल, नाहीतर छाती उघडायची.”

“तेव्हा साधी गाठ म्हणाले होते. साध्या गाठीचा एवढा मान कोण ठेवतं?”

दार उघडलं. डॉक्टर हातात रिपोर्ट घेऊन उभ्या होत्या.

“कडेचं नुसतं मेण गेलं होतं, आतली गाठ शाबूत होती. दोन्ही तुकडे जुळले. तेव्हा साधी वाटलेली गाठ म्हणजे गर्भाशयाचा दुर्मीळ कॅन्सर आहे, फुप्फुसांत पोचलाय. पण फार सावकाश वाढणारा आहे. गोळ्या सुरू करू.”

“छाती उघडायची नाही?”

“नाही.”

“ऐकलंत ना, वन्सं? आता रडताय कशाला?”

“मी कुठं रडतेय?”

“मग हात सोडा माझा. तुमची अंगठी रुततेय.”

“रुतू दे.”