नीरजा केळसकरने सेव्ह केलेली फाईल

सन्माननीय अध्यक्ष भगवानराव ओक, आजचे सत्कारमूर्ती परशुराम लेले साहेब, सौ. सुहासिनीताई, व्यासपीठावरील मान्यवर आणि आपल्या नौपाडा व डोंबिवली, दोन्ही ऑफिसांतल्या सहकाऱ्यांनो,

मी देवराम भोईर. इथले कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो. साहेबांच्या शिस्तीविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला सूचना आहे. तेव्हा शिस्तीचाच एक प्रसंग सांगतो.

सहा वर्षांपूर्वी डोंबिवलीत नीरजा केळसकर इमारतींची ड्रॉइंग्ज करायची. शीळफाट्याच्या इमारतीत तुळयांना सळया कमी पडतायत, हे तिच्याच लक्षात आलं. त्या दिवशी डोंबिवली ऑफिसची नेटवर्कची लाइन बंद होती, म्हणून ती इथे नौपाड्याला आली, ड्रॉइंग दुरुस्त केलं, इथल्या सर्व्हरवर सेव्ह केलं आणि दुपारी चारला निघाली. सकाळी साइटवर प्रिंट गेली ती जुन्याच ड्रॉइंगची. तुळया भरल्या, आणि पुढे फोडाव्या लागल्या.

साहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. आठवतंय ना? ती एकच वाक्य बोलत होती, "सर, मी सेव्ह केलेलं." साहेब म्हणाले, "मग काय भुताने बदललं?" आपण हसलो. मीही हसलो, मागे राहिलो नाही. 'मी सेव्ह करायला विसरले' असं तिच्याकडून लिहून घेतलं आणि त्याच कागदावर तिला काढलं.

मला मात्र फाईलवरची वेळ खटकत होती. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. तेव्हा ती घरी पोचलेली.

डोंबिवलीत फाईली पटकन उघडाव्यात म्हणून आपण एक यंत्र बसवलेलं. सर्व्हरवरच्या फाईलींच्या प्रती ते स्वतःजवळ ठेवायचं. तीन आठवडे मी त्याच्या मागे होतो. शेवटी एक खोटी फाईल केली, लाइन तोडली, इथे फाईल बदलली, लाइन जोडली. यंत्राने आपली जुनी प्रत नव्या फाईलवर चढवली! पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. त्या संध्याकाळीही डोंबिवलीची लाइन सात-दहालाच परत आलेली.

दोनच मिनिटं, अध्यक्षमहोदय.

मी धावत साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, "शाब्बास. काढून टाक ते यंत्र. आणि हे इथेच राहू दे. क्लायंटला आपण एक माणूस दिलाय, आता यंत्र कशाला द्यायचं?"

मी यंत्र काढलं. त्याच वर्षी विभागप्रमुख झालो. साहेबांना गुणांची कदर आहे, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

गेल्या आठवड्यात या समारंभाचं आमंत्रण द्यायला मी नीरजाला फोन केला. ती आता फॉल-पिको करते. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटायचं माझंच डोकं फिरलंय. गॅस बंद केला का, हे मी अजून चार-चारदा उठून बघते." मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, देवराम?"

"तेव्हाच," मी म्हणालो. "तीन आठवड्यांत."

तिने फोन ठेवला.

साहेब, आपल्याला दीर्घायुष्य लाभो, आणि स्मरणशक्ती शेवटपर्यंत शाबूत राहो. मला इथे उभं केल्याबद्दल संयोजकांचा आभारी आहे. एखाद्याचं नाव किंवा हुद्दा चुकला असेल तर सांभाळून घ्या. बाकी काहीही मी चुकून बोललेलो नाही.