झाकलेली ताटली

टॅम्सिन : आता ते चित्र लहान करून दाखव.

लॉकलन : किती लहान?

टॅम्सिन : तूच सांगायचास ना मला, पोस्टाच्या तिकिटाएवढं कर आणि खोलीच्या त्या टोकाला जाऊन बघ. तसं कर.

लॉकलन : हे घे. अजून कळतंय बघ. लाल भिंत, एक बाई, पांढरी ताटली. वर गेमचं नाव, ‘ताटली घेऊन या’. अक्षर न् अक्षर वाचता येतं.

टॅम्सिन : शेजारी माझं चित्र ठेव.

लॉकलन : टॅम, कशाला उगाच.

टॅम्सिन : ठेव म्हटलं ना.

लॉकलन : हे तुझं. अख्खा हॉल, लांब टेबल, गावातली सगळी माणसं, सॉसेज रोल, केक, सँडविच. भिंतीवर लावलं तर बघत बसावं असं आहे, ते मी नाकारतच नाही. पण तिकिटाएवढं केलं की कुणाच्या तरी हातून जेवण सांडल्यासारखं दिसतं. त्या ऑनलाइन दुकानात माणूस थांबत नाही गं. शेकडो चित्रं रांगेत असतात आणि त्याचा अंगठा सरकतच असतो.

टॅम्सिन : ते मला पटलं होतं. मीच म्हणाले, नवं काढते, एकच माणूस घेते. तू म्हणालास, घाई नाही.

लॉकलन : म्हणालो होतो.

टॅम्सिन : तेव्हा हे तयार होतं?

लॉकलन : जवळजवळ.

टॅम्सिन : कुणी काढलं?

लॉकलन : एक बाई आहे, समुद्रापलीकडची. असली छोटी चित्रंच काढते ती. हात बघ ना तिचा. एक माणूस, एक वस्तू, मागे एकच रंग. तुला आवडेल असं वाटलं होतं मला.

टॅम्सिन : आवडलं. चांगलं आहे, माझ्यापेक्षा चांगलं आहे. ताटली रिकामी का आहे?

लॉकलन : तो आपला जुना विनोद. गावात नवा माणूस येतो, त्याला कुणी म्हणतं, हॉलच्या जेवणाला ‘ताटली घेऊन या’, आणि तो बिचारा खरंच नुसती ताटली घेऊन येतो. पहिल्याच पातळीत आहे की आपल्या.

टॅम्सिन : तो ताटली उघडी आणतो, लॉकी. काखेत मारून, हसत हसत. भरून आणायची असते हेच त्याला माहीत नसतं. या बाईने टॉवेलने झाकलीय. एक कोपरा वर झालाय आणि ती मान वळवून बघतेय, कुणाचं लक्ष आहे का. रिकामी ताटली झाकतो तो, ज्याला माहीत असतं.

लॉकलन : टॉवेलच्या चौकटी लहान चित्रात उठून दिसतात, म्हणून.

टॅम्सिन : आणि स्वेटर? पोपटाचा ब्रोच?

लॉकलन : तुझी कच्ची चित्रं पाठवली होती तिला. गेममधल्या बाईचा चेहरा आणि इथला चेहरा एकच राहावा म्हणून.

टॅम्सिन : माझ्या कच्च्या चित्रांत व्हर्ना आत्याच्या हातात भरलेली ताटली आहे. प्रत्येक चित्रात.

लॉकलन : चहाचा बंब उकळलाय. बंद करू का?

टॅम्सिन : उकळू दे. काय लिहिलंस तिला?

लॉकलन : दोन ओळी लिहिल्या. नाव नाही घातलं कुठे.

टॅम्सिन : नाव कशाला लागतंय? नाक आहे ना.

लॉकलन : ऐक तर. नुसती बाई आणि केक असं पहिल्यांदा आलं होतं तिच्याकडून. छान होतं, पण मेलेलं होतं. मग ती म्हणाली, हिच्या मनात काहीतरी असू दे. आणि मला दुसरं काही सुचेना. दुष्काळाचं वर्ष, घरात पीठ नाही, आणि न जावं तर गाव विचारणार का नाही आली, म्हणून एक बाई रिकामी ताटली झाकून हॉलमध्ये येते. याच्यापुढे दुसरं काय सुचणार?

टॅम्सिन : मी ते तुला गाडीत सांगितलं होतं. म्हणाले होते, हे गेममध्ये यायचं नाही.

लॉकलन : गेममध्ये नाहीच आलं.

टॅम्सिन : गेममध्ये नाही आलं. दारावर लावलंस.

लॉकलन : लोक थांबतायत, टॅम. ही काय लपवतेय म्हणून थांबतायत. सकाळपासून ‘घ्यायचा आहे’ अशा जितक्या खुणा पडल्यात, तितक्या आपल्याला कधीच मिळाल्या नव्हत्या. हा गेम बुडाला तर तू परत शाळेत चित्रकला शिकवशील. मी बापाच्या टायरच्या दुकानात. परत तिथे उभं राहणं जमणार नाही मला.

टॅम्सिन : मग मला विचारायचंस.

लॉकलन : नाही म्हणाली असतीस.

टॅम्सिन : हो. म्हणूनच नाही विचारलंस. ते काढून टाक आता.

लॉकलन : काढलं तरी जुनं काही वेळ दिसत राहतं. शिवाय बाहेर हॉलच्या भिंतीवर प्रोजेक्टरने तेच लावलंय, गाव यायला लागलंय, आणि गेम बाहेर आल्याचा आजच पहिला दिवस...

टॅम्सिन : ती यायच्या आत काढ, लॉकी. गेम सगळा तुझा घे, नाव तुझं एकट्याचं लाव. ती दारातून आत यायच्या आत ते भिंतीवरून खाली उतरव, बाकी माझं काही म्हणणं नाही.

लॉकलन : असं नको बोलूस. थांब, करतो. पासवर्ड काय केला होता आपण?

टॅम्सिन : तूच बदललास.

(स्वयंपाकघराचं जाळीचं दार वाजतं. व्हर्ना पोलार्ड आत येते.)

व्हर्ना : बंब कधीचा शिट्ट्या मारतोय आणि तुम्ही दोघं त्या कॉम्प्युटरच्या डब्यात डोकं घालून बसलाय. सरका, मला ओटा हवाय.

लॉकलन : मिसेस पोलार्ड. या, या. लॅमिंग्टन केक आणलेत? वा. खोबरं बघा कसं लागलंय सगळीकडून.

व्हर्ना : तू गोड बोलायला लागलास की मला भीती वाटते, पोरा. भिंतीवरचं बघितलं मी.

टॅम्सिन : आत्या.

व्हर्ना : भिंतीवर नंतर बघितलं. आधी फोनवर. एडिथच्या नातीने दाखवलं, मैदानात गाड्या लावत होतो तेव्हा. इतकंसं होतं, पण ओळखलं सगळ्यांनी. एडिथ म्हणाली, अगं ही तूच. आणि मग गप्प बसली. एडिथ कधी गप्प बसते का?

लॉकलन : ते चित्र म्हणजे, एक कल्पना आहे फक्त.

व्हर्ना : चित्र छान आहे. ब्रोच बरोबर जमलाय. तू काढलंस, टॅमी?

टॅम्सिन : नाही. माझं नाही ते.

व्हर्ना : मला वाटलंच. तू माझी मान अशी वळवली नसतीस.

लॉकलन : चूक माझी आहे, मिसेस पोलार्ड. हिला माहीतही नव्हतं. मी परस्पर केलं सगळं.

व्हर्ना : आणि तुला कुणी सांगितलं, बाळा?

टॅम्सिन : मी सांगितलं, आत्या.

व्हर्ना : हं.

टॅम्सिन : त्याला एकट्यालाच. मला वाटलं, त्याला सांगितलं म्हणजे...

व्हर्ना : कळतं गं. मीही तुला एकटीलाच सांगितलं होतं. तू पेन्सिल घेऊन समोर बसली होतीस, मान हलवू नको म्हणत होतीस, म्हणून तोंड हलवलं. त्या दुष्काळाच्या वर्षी इथेच उभी होती डोरीन, या ओट्याशी, सगळ्यांच्या ताटल्या घ्यायला. माझ्या हातातून ताटली घेतली. वजनावरून कळलंच असणार तिला. टॉवेल न काढता आत कोठीत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिने भाजलेले स्कोन माझ्या ताटलीत होते. वर म्हणते कशी, व्हर्ना, यंदा तुझे चांगले फुगलेत. मरेपर्यंत बोलली नाही कुणाला. मलासुद्धा नाही.

लॉकलन : मी आत्ता काढतो ते. आत्ताच.

व्हर्ना : काढ किंवा ठेव. ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलंय. चालला का रे तुमचा गेम?

लॉकलन : चालतोय.

व्हर्ना : मग बरं आहे. टॅमी, रडू नकोस इथे, सँडविच ओले होतील. ती बाजूची सुरी दे आणि ही ताटली बाहेर ने. मधोमध ठेव.

टॅम्सिन : आत्या, टॉवेल कुठे आहे तुझा? तू कधी असं उघडं आणत नाहीस. माश्या बसतील.

व्हर्ना : बसू देत.