गुंडाआबांच्या तोंडाम्होरचा चमचा

आईच्यान सांगते, अक्षर अन् अक्षर खरं. खोटं आसंल तर जीभ झडंल माजी! शहाण्णव साली कराड स्टँडवर सांगलीसनं आलेल्या मायलेकी माज्या शेजारी बसल्या हुत्या. लेक दवाखान्यात नर्सच्या हाताखालचं काम शिकत हुती.

"दीक्षा, परीक्षंचं काय झालं?"

"आये, पेशंट कोन आला म्हाईत हाय? आपल्या गावचं गुंडाआबा. दोनी हात पलास्तरात."

"आगं बया! मग?"

"चमच्यानं पेज भरवायची. परीक्षा घेनाऱ्या बाई घड्याळ बघत उभ्या."

"तू कुनाची ते सांगितलं न्हाईस न्हवं?"

"त्यांनीच इचारलं. म्हनलं, यल्लाप्पाची नात, बौद्धवाड्यातली."

"गप बसायचं हुतंस की गं!"

"का म्हनून?"

"...बरं, मग?"

"तोंड मिटलं त्यांनी. म्या चमचा तसाच धरला. हात भरून आला, पर खाली घेतला न्हाई."

"आन् मग गं?"

"लय येळानं म्हनले, 'मीठ हाय का यात?' आन् तोंड उघडलं."

"बाई काय म्हनल्या?"

"पास."

आता जिभंची काळजी हाय म्हनून सांगते. आबांनी मीठ इचारलं आन् तोंड उघडलं, तेवढं मी पदरचं घातलं. ते शेवटपतुर मिटूनच हुते. पोरीला पास केलं, ते चमचा खाली आला न्हाई म्हनून.