खारा वारा प्यालेली पिंपं

(स्कॉटलंडचं आयले बेट. समुद्राला लागून व्हिस्कीचं गोदाम, सकाळची वेळ. ड्यूगल इथला जुना कामगार. इशबेल त्याची पुतणी, पाहुण्यांना गोदाम दाखवणारी.)

ड्यूगल : नाही म्हणजे नाही. ते वाक्य माझ्या तोंडून निघायचं नाही.

इशबेल : काका, एवढंच म्हणायचंय, ‘आमची पिंपं बारा वर्षं इथला खारा वारा पितात.’ अकराला जर्मन पाहुणे येतायत.

ड्यूगल : तू म्हण की. तुला पाठ आहे.

इशबेल : त्यांना तुमच्याच तोंडून हवंय. बाटलीवर फोटो तुमचा आहे ना?

ड्यूगल : बघितला. दाढी विंचरून पार साधुपुरुष केलाय माझा. शिसारी आली.

इशबेल : पलीकडचे स्पेसाइडचे व्हिस्कीवाले मधाची, फळांची चव विकतात, आपण धुराची आणि समुद्राची. त्यात खोटं काय?

ड्यूगल : धूर खरा. समुद्राचं विचारू नकोस.

इशबेल : आता तर विचारणारच.

ड्यूगल : दर सोमवारी टँकर कशाला येतो गं?

इशबेल : थोडा माल बाहेर विकतात, मॅनेजर म्हणाले.

ड्यूगल : ते म्हणाले आणि तू ऐकलंस. सगळी व्हिस्की जाते, पोरी. बोटीतून पलीकडे, हमरस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथंच पिंपात भरतात, तिथंच मुरते, ट्रकचा धूर खात. कायद्याला चालतं म्हणे. गाळली इथं की झाली बेटाची.

इशबेल : मग ही पिंपं? मी रोज हातोडी मारून दाखवते. भरलेली वाजतात.

ड्यूगल : भरलेलीच आहेत. पाण्यानं.

इशबेल : काय बोलताय?

ड्यूगल : जुना मालही हिवाळ्यात उपसून नेला. रिकामी पिंपं पोकळ वाजणार, म्हणून नळी लावून मीच भरली. थुंकावंसं वाटतं असल्या भाकरीवर.

इशबेल : सगळी भरलीत?

ड्यूगल : सगळी.

इशबेल : मी जन्मले त्या दिवशी बाबांनी भरलेलं पिंपही? माझं नाव घातलेलं?

ड्यूगल : तेवढं सोडा म्हटलं मी. मॅनेजर म्हणाले, पिंप कंपनीचं. नावं काय, सगळेच कामगार घालतात.

इशबेल : बाबा गेल्यापासून दर रविवारी त्याला पाठ टेकून बसते मी.

ड्यूगल : माहीत आहे. म्हणून तर तोंड उघडलं नाही.

इशबेल : त्यात पाणी कुणी भरलं?

ड्यूगल : मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

इशबेल : मग बूचही तुम्हीच काढा. पाहुण्यांना आज त्यातलंच पाजू.

ड्यूगल : दोघांची नोकरी जाईल.

इशबेल : पाहुणे बारा आहेत, काका. पेले मी पुसून ठेवते.